तारण

सराफ बाजारात अजून ती पाटी आहे:
‘येथे सोने तारण ठेवले जाईल.’
लहानपणी वाटायचं, हे दुकान आपल्याच मंडळीतल्या कुणाचं तरी.
कारण तो शब्द मी आधी ऐकला होता शरणपूरच्या चर्चात,
एस्तेरमावशीच्या मांडीवर पेंगत.

एकोणतिसाव्या वर्षी मी त्या दुकानात गेलो,
मावशीच्या चार बांगड्या रुमालात बांधून.
सराफाने काट्यावर ठेवल्या, कसोटीवर घासल्या,
नाव विचारलं.
खरंच सांगितलं मी. खोटं सुचलं नाही.

कशासाठी, ते सांगत नाही.
कारण मोठं असतं तर बरं झालं असतं.

घरी आलो तर ठकूबाईची झडती चाललेली.
शेजारच्या काकूंनी तिची पिशवी ओट्यावर पालथी केली:
अर्धी भाकरी, मिसरीची डबी, पोराचं फाटकं अंकगणित.
मी चौकटीला टेकून म्हणालो,
‘जाऊ द्या हो, गरीब आहे.’
माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत घाण वाक्य ते.
त्यात एक शब्दही खोटा नाही.

तिसऱ्या दिवशी मावशी निघाली,
होळकर पुलावरून, पायी.
खाली कुंडात माणसं नाक धरून बुडी मारत होती,
ज्याचं त्याचं ओझं घेऊन.
पंचवटीपलीकडच्या वस्तीत, ठकूबाईच्या दारात,
साऱ्या आळीदेखत म्हणाली,
‘सापडल्या गं. मीच ठेवल्या होत्या पिठाच्या डब्यात.’
आणि वाकली. पायांपर्यंत.

मग मंडळीत हसं झालं.
बिचारीवर आळ घेणारी विसरभोळी नर्सबाई!
कपाटाच्या किल्ल्या काढून घेतल्या तिच्याकडून.
प्रभुभोजनाच्या रसासाठी मनुके तीच उकळायची,
पंचवीस वर्षं. तेही काम गेलं.
मीही हसलो.
ती चष्मा शोधू लागली की म्हणायचो,
‘पिठात बघ, मावशी.’
ती म्हणायची, ‘बघते.’

त्या वर्षी आमच्याकडे चहा कोरा व्हायचा.
डॉक्टरांनी दूध बंद करायला सांगितलंय, म्हणाली.

ती गेल्यावर गीतांच्या पुस्तकात पावती मिळाली.
अठरा हप्ते, पेन्शनच्या तारखांना.
ठेवणाऱ्याच्या रकान्यात नाव माझं,
फेडणाऱ्याच्या रकान्यात सही तिची,
वर जांभळा शिक्का: ‘तारण मुक्त.’

कृपा फुकट असते, हे मला तोंडपाठ होतं.
फुकट म्हणजे मला फुकट.

कधी कळलं तिला?
विचारायला कोणी नाही.
रविवारी कबुलीची प्रार्थना सगळ्यांबरोबर म्हणतो,
एका सुरात, घाईघाईने,
तेव्हा माझं पाप गर्दीत उभं राहतं
ओळखू न येणारं.

म्हणून या फाल्गुनात पूल ओलांडला.
ठकूबाई आता पार वाकलेली,
सुपात गळलेले द्राक्षमणी घेऊन बसली होती,
बाजारात कोणी न घेतलेले.
मी सगळं सांगितलं. उभ्यानेच.
तिचा हात थांबला नाही.
‘ठाऊक होतं,’ म्हणाली.
‘सापडल्या म्हणाली, पाया पडली,
तेव्हा हात मोकळेच होते तिचे.’

‘मग बोलला का नाहीत?’

‘एवढी बाई वाकली.
तिचं खोटं मी पाडू?’

पाकीट काढलं, तर तिने नुसतं बघितलं.
मी ते परत खिशात ठेवलं.
मग सूप पुढे सरकवून म्हणाली,
‘बस. नासके वेगळे काढ.’

बसलो. बोटं चिकट झाली, माशा आल्या.
एक सुरकुतलेला, डाग पडलेला मणी
मी बाजूला टाकत होतो.
तिने माझं मनगट धरलं.

‘तो नको टाकू,’ म्हणाली.
‘वाळवला, की होतो.’