सातवी लेन

डिस्ट्रिक्टनं शाळा मिटली, कारण एका ओळीत:
पटसंख्या एकेचाळीस.
आम्ही मोजली. त्रेचाळीस होती.
पण दोनानं काय होतंय.

मग ओर्वो लेहतोनं किल्ली दिली बॉलिंगची.
बापाच्या वेळच्या सात लेनी,
खाण बंद पडली त्या साली शेवटचा चेंडू घरंगळला होता.
भाड्याच्या बुटांच्या खणांत आम्ही वह्या लावल्या:
आठ नंबरच्या खणात तिसरी, नऊच्यात चौथी.
लाकडात जडवलेले बाण तसेच होते.
मुलं त्यांच्यावर रांग धरायची,
आणि बाण दाखवायचे तिथेच आम्ही फळा टांगला.

मी ऐला. टायपिंग येतं म्हणून कारकून.
सनदेचा अर्ज दोनशे बारा पानी.
त्यात विचारलेलं: शाळेचे ध्येय, पन्नास शब्दांत.
रात्री दोनपर्यंत आयाबाया भांडल्या.
'मुलांना चालत घरी जाता यावं'
एवढंच खरं होतं, तेवढंच कुणी लिहू देईना.
शेवटी काय लिहिलं ते आता आठवतही नाही.

सेंट पॉलहून तपासनीस आला, पातळ बूट घालून,
बाहेर उणे सव्वीस.
दारांची रुंदी मोजली, संडास मोजले,
आग विझवायचं नळकांडं उलटं करून तारीख वाचली.
मुलं मोजली नाहीत.
आदल्या रात्री मी घरोघर फिरले होते,
उद्या कुणी आजारी पडायचं नाही, असं सांगत.
जाता जाता तो म्हणाला, एकदा टाकून बघू?
पिना कुठल्या! स्वयंपाकाच्या इर्यानं
दुधाच्या दहा रिकाम्या बाटल्या मांडल्या.
नऊ पडल्या.
शेरा काय मारला, ते काही बोलला नाही.

जूनमध्ये पत्र आलं.
मान्यता देण्यात येत आहे. खाली चार आकडी क्रमांक,
शिक्का जरा तिरका.
ओर्वोनं कागद हातात घेतला, हुंगला, परत दिला.
कुणी रडलं, कुणी कॉफी टाकली.
मी मनातल्या मनात पुढची ओळ वाचली:
सदर शाळा एक जुलैपासून अस्तित्वात येईल.

म्हणजे ते दोन हिवाळे
कुठल्याच शाळेत पडले नाहीत.

त्यातल्या दुसऱ्या हिवाळ्यात आर्मास निस्का आठवी झाला.
आठवीत तो एकटाच. सातव्या लेनीवर त्याचं बाक,
अपूर्णांक तो चेंडू परतायच्या पट्टीवर खडूनं सोडवायचा.
दाखला मीच टाइप केला, साध्या कागदावर.
शिक्का हवा म्हणून गल्ला धुंडाळला,
एकच सापडला, बॉलिंगचा:
बूट परत मिळाले.
तोच मारला. तो हसला, मीही हसले.

चाळीस मैलांवरच्या हायस्कूलला हसू आलं नाही.
त्याला पुन्हा आठवीत बसवलं,
खांद्यानं वर्गातल्या पोरांपेक्षा वीतभर उंच.
अठरा लागले तसा तो काउंटीच्या बर्फगाडीवर चढला.

आज सनदेचं नूतनीकरण. पाचवं वर्ष.
माजी विद्यार्थ्यांची यादी भरायची आहे.
आर्मासचं नाव घातलं की संगणक लाल होतो:
तारीख ग्राह्य नाही.
तीनदा घातलं. तीनदा लाल.

पहाटे पाचला गाडीचा आवाज येतो.
त्याचा रस्ता चर्चपासून सुरू होतो, हे अख्ख्या गावाला ठाऊक,
तरी फाळ आधी आमच्या दाराशी टेकतो.
पायरीपाशी तो खाली उतरतो, उरलेलं फावड्यानं काढतो,
लहान पायांना पुरेल इतकंच रुंद.
मी काचेआडून हात करते. त्याला दिसत नसावं.

यादी छापली. खाली जागा उरली होती,
तिथं त्याचं नाव मी पेनानं लिहिलं,
गल्ल्यातून शिक्का काढला,
शाई वाळली होती, त्यावर फुंकर घातली.