एकसष्टावा भाग

आई म्हणते, थांबव जरा, चहा ओतते.
मी थांबवते.
एस्तेला अर्ध्या पापणीवर अडकते,
कानातलं डुलता डुलता हवेतच.
तीस वर्षांपूर्वी तिला असं थांबवता येत नव्हतं,
तेव्हा चहाच थांबायचा.

तेमिरताऊत आज उणे एकोणतीस.
बाहेर पोलादाच्या कारखान्यानं राखाडलेला बर्फ,
आत लॅपटॉपमध्ये मेक्सिकोचं ऊन
आणि एक बाई, जी दर तिसऱ्या भागात जिन्यावरून पडते.
'आता पडेल बघ,' आई म्हणते.
पडते.
'अजून कठडा लावला नाही,' बाबा म्हणतात.
संध्याकाळभरातलं हे त्यांचं दुसरं वाक्य.

पात्रं चाळीस, आवाज एकच.
सर्दी झालेला कुणी रशियन माणूस
स्पॅनिशच्या दोन पावलं मागून चालत
नायिका, पाद्री, सावत्र सासू, सगळ्यांचं
एकाच सुरात सांगायचा,
गाड्यांचं वेळापत्रक वाचावं तसं.
मला वाटायचं, प्रेम असंच बोलत असणार,
नाकातून, आणि थोडं उशिरा.

त्या वर्षी पगार म्हणून बाबांना एनॅमलची पातेली मिळाली,
एकदा साखरेचं पोतं,
मग बरेच महिने काहीच नाही.
मामा गेला तेव्हा आई रडली नव्हती,
कणीक मळत राहिली होती.
एस्तेलाचं बाळ पळवलं त्या रात्री मात्र तिला आवरेना,
आणि शेजारची इर्मा तिच्या हाताला धरून
जर्मनमध्ये रडली.
इर्मा पुढे मालिका अर्धी टाकून जर्मनीला गेली.
तिच्या पहिल्या पत्रात नव्या घराबद्दल दोन ओळी,
आणि खाली:
दोन्या ऑर्तेन्सियाला शिक्षा झाली का?
आईनं चार पानी उत्तर लिहिलं.

एकसष्टाव्या भागात, ऐन लग्नात, वीज गेली.
सगळ्या इमारतीनं एकदम श्वास सोडला, भिंतींतून ऐकू आला.
मी आठ वर्षांची, बाबांच्या मेंढीच्या कोटात.
आई अंधारात उभी, हातात किटली.
आणि झोतभट्टीवरून आलेले,
घरी 'हं' पलीकडे न बोलणारे माझे बाबा
नाक चिमटीत धरून म्हणाले:
'थांबा, ती म्हणाली.'

त्यांनी मेक्सिको पाहिलेलं नव्हतं, म्हणून त्यांच्या मेक्सिकोत
भट्टी होती, पाळ्या होत्या,
सहा महिन्यांचा पगार थकवलेला मालक होता.
एस्तेलानं बुरखा मागे सारला,
वऱ्हाडासमोर स्वयंपाकिणींना, मोतद्दारांना बोलावलं
आणि सगळ्यांचे पैसे चुकते झाल्याशिवाय
'हो' म्हणणार नाही असं सांगितलं.
पाद्री खाली बसला. घोडासुद्धा बसला.
आई एवढी हसली की किटलीतलं पाणी सांडलं,
सकाळी त्याचा बर्फ झाला होता जमिनीवर.

आज तोच भाग.
दिवे आहेत. इंटरनेट आहे.
वधू चालत येते, नवरा हसतो,
ती 'हो' म्हणते. संपलं.
सतार नाही, कसलं तरी गिटार वाजतं.

'हे चुकलंय,' आई म्हणते.
मी म्हणते, आई, हाच तर खरा भाग आहे.
'चुकलंय. आवाज बंद कर, बोताम.
तुम्ही सांगा.'

बाबा बाउरसाक मोडतात, चहात बुडवतात.
'मला काय आठवतंय आता.'
मी मागे नेते. आवाज बंद करते.
वधू पुन्हा चालत येते,
तिचे ओठ हलतात, पाद्रीचे हलतात,
फ्रिजची घरघर, हीटरच्या नळीत टकटक.
आई पेला अर्धाच भरते, आमच्या रीतीप्रमाणे;
काठोकाठ भरला तर पाहुण्यानं उठायचं असतं.

बाबांचा हात मिशीपर्यंत जातो, तिथंच रेंगाळतो,
मग नाकापाशी.
दोन पावलं उशिरा:

'थांबा, ती म्हणाली.
आधी हिशेब.'

'मग?' आई विचारते.