कोणाच्या कमरेइतकं?

शारजा. औद्योगिक भागात टायरच्या गोदामामागचा हॉल.
शुक्रवार, जुम्म्याची नमाज आटोपून अडीच वाजता.
भिंतीवर अजून मागच्या पाण्याची रेघ आहे,
रंगाऱ्याने दोन हात मारले तरी वर येते.

मी गोदामातली मालमोजणीची बाई.
आयुष्यभर खोके मोजले,
आज माणसं कशी मोजायची ते सांगायला उभी.

समोर कोळीकोडची सुबैदा,
तिच्या बायकांनी सात दिवस गच्चीवर भात शिजवला होता.
चर्चची रोवेना, मांडीवर औषधांची पेटी.
टँकरवाला गुल जमान, दाराजवळच, चपला हातात.
आणि श्रीवर्धनचे पांगारकरचाचा,
जे माझ्या कानाशी पुटपुटतात,
"बाय, एवढे रकाने कशाला? फोन करू की एकमेकांला."

केले होते ना फोन, चाचा.
आठव्या मजल्यावरच्या एकट्या म्हातारीला
एका दुपारी अकरा बिर्याण्या पोचल्या.
लिफ्ट बंद. अकरा पोरं जिने चढली.
आणि मागल्या गल्लीतल्या कॅम्पात खोली चौदा
तिसऱ्या दिवसापर्यंत कुणाच्याच यादीत नव्हती.
एक यादी मल्याळममध्ये, एक आवाजी निरोपांत,
एक किराण्याच्या बिलामागे, जी भिजली.
त्यात मोहम्मद चार स्पेलिंगांचे,
चौघांना इन्शुलिन,
आणि माणूस एकच, हैराण, म्हणतोय
मला एवढं नको, बर्फ द्या.

मी विचारलं, पाणी किती होतं?
"कमरेइतकं," गुल जमान.
"गळ्याशी आलं होतं," रोवेना.
दोघं एकाच चौकातले, एकाच वेळचे.
मी दोघांना रेघेपाशी उभं केलं.
तो सहा फुटी पठाण, ती त्याच्या खांद्याखाली.
हॉल हसला. मग हळूहळू हसायचा थांबला,
कारण त्या दिवशी बोट गेली होती
गळा म्हणणाऱ्याकडे की कमर म्हणणाऱ्याकडे,
हे सगळ्यांनाच आठवत होतं.

मग ठरलं: अंग नको. टायर.
उभ्या गाडीचा टायर दिसतो, अर्धा दिसतो, दिसत नाही.
तीनच शब्द. कुठल्याही भाषेत चालतील.
पत्ता म्हणजे इमारतीचं नाव नाही,
खाली कुठलं दुकान आहे ते. पाटीचा रंगही लिहा.
नावाऐवजी फोनचे शेवटचे चार आकडे.
सुबैदाने हे सगळं तळहातावर लिहून घेतलं,
कागद समोर असताना.

चहा आला. तेव्हा गुल जमान पहिल्यांदा स्वतःहून बोलला.
"बाजी, हा कागद बघणार कोण?"

एसीची घरघर ऐकू आली.
मी पाचवा रकाना पासपोर्ट क्रमांकाचा आखला होता.
सवय. खोक्यांना नंबर असतोच.
चौदा नंबरच्या खोलीत नऊ बिछाने होते
आणि दहावा माणूस, ज्याचा कागद संपून वर्ष झालं होतं.
पाणी चढलं तरी तो हाक मारत नव्हता.
हे गुल जमानने सांगितलं नाही.
त्याने फक्त चपला एका हातातून दुसऱ्या हातात घेतल्या.

मी पाचवा रकाना खोडला.
रोवेना म्हणाली, मग तिथे काय लिहायचं?
पांगारकरचाचा म्हणाले, "कदाचित."
विनोद म्हणून म्हणाले असतील. आम्ही तेच लिहिलं.

फेब्रुवारीत रात्री सव्वादोनला फोन थरथरला.
बाहेर पाऊस खिडकीला ढुशा देत होता.
यादीत पहिली ओळ:
लाल पाटीची लाँड्री. टायर दिसत नाही.
खोली चौदा. माणसं नऊ. कदाचित एक.
खाली लगेच दुसरी: निघालो. पाणी दहा बाटल्या.
मी डोळे पुसत होते, तेवढ्यात तिसरी, चाचांची:
चौदा जुनी की नवी?

आणि मी अंथरुणात ताठ बसले.
पूर ओसरल्यावर कॅम्पवाल्याने दारांना नवे आकडे रंगवले होते.
हे आम्हाला विचारायचं सुचलंच नव्हतं.