एकशे पंचावन्न, सत्तर, तेरा

मुकादमांच्या दुकानात स्टूल एकच,
त्यावर कालचा डबा आणि आजचा पेपर.
मी उभीच. गाडीही उभी, जॅकवर,
नाल ठोकून घेणाऱ्या म्हाताऱ्या घोडीसारखी
एक पाय उचलून.

"हे झिजले नाहीत, ताई," झुबेर म्हणाला,
"हे वाळलेत."
आणि टायरची भेग नखाने उघडून दाखवली,
टाचेची दाखवावी तशी.
शेजारी चार आकडे कोरलेले:
सव्विसावा आठवडा, सतरा साल.
तेव्हा विद्याधर चालवायचा.

गाडीचं वय एकोणीस.
पासिंग परत करून घेतलंय, कर भरलाय.
वर्षाला तीन हजार किलोमीटर:
कन्नमवार नगर ते डोळ्यांचं इस्पितळ,
रविवारी मासळी,
महिन्यातून एकदा चेंबूर, मालूवन्संकडे.

दोन ढीग. हा मधला, हा वरचा.
मधल्याचे चारांचे साडेतेरा हजार,
वरच्याचे बावीस.
गाडी मोडीत काढली तर चाळीस येतील.
चाळीस हजारांच्या बाईला
बावीस हजारांच्या चपला!

वडाळ्याला ट्रकवाल्यांच्या कचेरीत
एकोणतीस वर्षं मी टायरचं रजिस्टर लिहिलं.
कुठला कुठल्या चाकाला, किती किलोमीटरला उतरला,
कितीदा रिमोल्ड.
हात लावून एकही पाहिला नव्हता.

"वरचा ओल्या रस्त्यात चार मीटर आधी थांबतो."
चार मीटर म्हणजे किती रे?
तो बाहेर आला, ढांगा टाकल्या,
स्टुलापासून उसाच्या गाड्यापर्यंत.
तिथे एक मुलगा
बॅग पोटावर घेऊन
बुटाची नाडी बांधत बसलेला.

मी वरच्या ढिगाकडे सरकले.
पाकीटसुद्धा काढलं.

"आणि आवाज म्हणाल तर," झुबेर खुशीत आला,
"आवाजच नाही. रस्ता कळतच नाही."

विद्याधरच्या नजरेतलं मधलं गेलंय,
कडा तेवढ्या उरल्यात.
शेजारी बसतो, काच खाली करून,
आणि सांगत जातो:
पूल चढलो.
काँक्रीट संपलं, आता डांबर, तेही ठिगळाचं.
हे खडखडले ते पेव्हर ब्लॉक,
म्हणजे मालूची गल्ली.
अजून एकदाही चुकला नाही.
चुकला असता तरी मी बोलले नसते.

रस्ता कळतच नाही,
आणि त्याचे साडेआठ हजार वर?

एका रकान्यात त्या मुलाचे चार मीटर,
दुसऱ्यात विद्याधरचा पूल.
माझ्या रजिस्टरात
असली बेरीज कधी आली नव्हती.
झुबेरने चहा मागवला. तो निवला.

मधले घेतले.
म्हटलं, चार मीटर मी माझ्या पायातून भरीन,
काटा चाळिसाच्या पुढे नाही,
मागचे वाजवू देत हॉर्न.
हे ऐकायला बरं वाटतं.
साडेआठ हजार वाचले म्हणूनही
बरं वाटलं होतं, तेही लिहून ठेवते.
आणि पुढच्या दोन रात्री
तो मुलगा नाडी बांधतच होता.

रविवारी विद्याधर खाली आला,
वाकून चारही चाकांवरून हात फिरवला.
नव्या रबराला बारीक केस असतात, ते लागले हाताला.
"दाढी करायची राहिलीय ह्यांची," म्हणाला.

हायवेला लागलो.
काच खाली. तो गप्प.
एरवी विक्रोळी सुटायच्या आत
दोनदा काहीतरी सांगून झालेलं असतं.
बऱ्याच वेळाने म्हणाला,
"हा रस्ता माझ्या ओळखीचा नाही."

पूल उतरला तसं मी सांगितलं: घाटकोपर.
"थांब," तो म्हणाला,
कान बाहेर काढत,
"पुढचा लागायच्या आधी सांग."