डीपी जळाल्याच्या तिसऱ्या दिवशी

गिरणीचा पट्टा मेल्या धामणीसारखा लोंबतोय.
दारात डबे रांगेत, झाकणांवर खडूनं नावं:
इंगळे, ठवरे, पाटणकर मास्तर.
वैजयंता यवतमाळला, आशाच्या ट्रेनिंगला.
जाताना म्हणाली, घर जसं ठेवून चालली
तसंच सापडलं पाह्यजे.

पोरीचं नाव स्पृहा.
गावाच्या तोंडात मावत नाही, म्हणून पुरा.
अडीच वर्षांची, आणि हाताला काही लागलेलं खपत नाही.
भाताचं एक शीत चिकटलं
की हात लांब धरून उभी राहते,
जसा तो दुसऱ्याच कुणाचा.

आणि बाप असा पांढरा. भुवया, कानाच्या पाळ्या, सगळंच.
बिनपिठाचं माझं बोट
मी मतदानाच्या दिवशी पाहतो, शाई लावताना.

दुपारी दगडाखालचं झाडपीठ काढलं.
ठवऱ्यांची ज्वारी, इंगळ्यांचा गहू, मास्तरांचं बेसन,
जात विचारू नये असं पीठ.
हे गाईचं. माणसानं खायचं नाही, फेकायचंही नाही.
परातीत ओतून पुरापुढे सरकवलं.
कोरडं आहे वं, नाही चिकटत.

बराच वेळ नुसती पाहत राहिली.
मग एक बोट. एक रेघ.
मग मनगटापर्यंत.
मुठीत दाबलं की पीठ बारीक करकरतं,
हे मला ठाऊक नव्हतं.
मोटर चालू असते ना.

पाणी तिनंच सांडलं, गडव्याला धक्का लागून.
लगदा बोटांच्या बेचक्यांत शिरला.
खालचा ओठ बाहेर आला, थरथरला,
आणि मला काही सुचेना म्हणून
मी माझे दोन्ही हात त्यात घातले, कोपरापर्यंत.
"पाह्य वं, मलेबी लागलं."
"लागलं," ती म्हणाली.
ओठ आत गेला.

मग जे जे हाती आलं ते.
सरकी टोचून साळिंदर.
हळदीचा पिवळा गोळा,
तो चुलीच्या राखेत पडला, उचलून मळला
तर हातातल्या हातात विटेसारखा लाल.
चौतीस वर्षं मी या घरात हळद न् राख पाहतोय,
कुणी सांगितलं नाही.
पुन्हा केला. पुन्हा लाल.
"अजून," पुरा म्हणते.

मध्येच वैजयंताचा फोन.
पडद्यावर एक लेकरू दाखवलं म्हणे,
टबभर रंगीत तांदळात बसलेलं. डोकं तल्लख होते त्यानं.
"टबभर तांदूळ, अहो! आपला महिना निघते."
मग म्हणाली, "तुमचं काय चालू हाये?"
"काही नाही," मी म्हटलं.
फोन कानाला चिकटला होता.

दिवस कलताना गोळे टोपलीत घालून कोठ्यात नेले.
भुरीनं पहिल्यांदा साळिंदरच उचललं.
"माह्यं!" पुरा किंचाळली.
भुरीला काय त्याचं. जीभ लांब करून पुढचा मागितला.
रडत रडत पुरानं हातातल्या लाल हत्तीकडे पाहिलं,
भुरीकडे पाहिलं,
आणि हत्तीचा एक कान तोडून दिला.
मग दुसरा. मग सोंड.
हत्ती संपला तरी हात तसाच पुढे,
आणि त्यावर भुरीची ती खरखरीत, ऊन, ओली जीभ,
तळवा, मनगट, एकेक बेचकी.
पुरा अंग चोरून हसतेय,
हात मागे घेत नाही.

डीपी उद्या बसते म्हणतात.
परातीवर, न्हाणीच्या उंबऱ्यावर, भिंतीला माझ्या गुडघ्याएवढ्या उंचीवर
पीठ वाळत आलंय, पिवळं, लाल, पांढरं.
वाळल्यावर ते कसं धरून बसतं
हे मला कुणी सांगायला नको.
सव्वासातची बस.
फडकं ओलं करून बसलोय,
कुठून सुरू करावं ते कळत नाही.