सुट्टे पैसे

मंगळवारी साडेदहाला वैजू येतो जांबोटीहून.
तिसऱ्या गेटाजवळचा आमचा जिना, अकरा पायऱ्या,
हट्टानं स्वतः चढतो,
दर पायरीला एक कन्नड शिवी.
डावी मूठ घट्ट, अंगठा आत,
जणू कुणाचं काहीतरी लपवून आणलंय.

मी मांडून ठेवलेलं असतं सगळं:
लाल खुंट्या, भोकांची पाटी,
आणि तक्ता, विसापैकी किती.
तो खुंट्यांकडं बघतो
ताटात वाढलेल्या कारल्याकडं बघावं तसं.

मागं एकदा ती बोटं आपसूक उघडली होती.
मी "व्वा!" म्हणाले, टाळी वाजवली.
मूठ मिटली.
तीन मंगळवार मिटलेलीच राहिली.
कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं
की पाण्यावर टेकलेल्या पाखराजवळ
कौतुकसुद्धा खड्यासारखं पडतं.

आज त्यानं निळा चेंडू लाथेनं सारला,
पाटावर पाट लावले.
"मुंद होग्री, मुंद होग्री! आत जागा हाय!"
मी सरकले. रेणुका, त्याची आई, तीही सरकली
तोंडाला पदर लावून.

"कुठं?"
"किणये."
"तितं थांबत न्हाई. जांबोटी घ्या."
"बरं, जांबोटी. बायकांना फुकट ना?"
"आधार कार्ड दाखवा."
ते नव्हतं माझ्याकडं.
"मग सतरा रुपये."

तिकिटाला कागद हवा,
म्हणून त्यानं माझा तक्ताच उचलला.
एका हातानं फाडायचा
तर दुसऱ्या कुणीतरी धरायला हवा.
माझा हात निघालाच होता.
मी तो मांडीखाली घेतला
आणि खिडकीबाहेर बघत बसले.
बाहेर भिंत आहे, भिंतीवर पाल.
म्हटलं, पिरनवाडी आली वाटतं.

टर्र.

टर्र.

रेणुकानं माझं कोपर दाबलं, मी तिचं.
गाडीत कुणी काही बोललं नाही.

मी हवेतली विसाची नोट दिली.
"चिल्लर इल्ला री."
तिकिटाच्या मागं त्यानं उलटा तीन काढला,
भोवती गोल. "उतरताना घ्या."
पुढच्या बाजूला माझंच अक्षर:
"डावा हात: वाप"
उरलेलं रेणुकाच्या तिकिटावर गेलं.

जांबोटी काही आली नाही.
साडेअकरा झाले, खरी बस चुकली असती,
रेणुकानं त्याला चपला घातल्या.

तक्ता आता नवा करावा लागेल.
तिकीट पर्समध्ये आहे.
तीन रुपये येणं आहे माझं,
पुढच्या मंगळवारी भांडून घेणार.