दुसरी वेलांटी

सातपूरला, पिठाच्या गिरणीवर भरतो आमचा वर्ग,
संध्याकाळी सात ते आठ.
फळ्यावर पिठाची साय, खडू नीट उमटत नाही.

हौसाताई गांगुर्डे गंगापूर धरणाकडच्या वायनरीतून
थेट येतात, लेबलांचा गोंद नखांत.
व्हाईन म्हणजे वेल, वाईन म्हणजे दारू,
मी खालचा ओठ दातांत धरून दाखवते.
‘मॅडम, वेलीला हात लावला काय, बाटलीला काय,
हजेरी तेवढीच.’

‘हाउ आर यू’ला त्या ‘फाइन’ म्हणत नाहीत.
गेल्या महिन्यात एक पेटी फुटली,
फाइन कापला, दोनशे रुपये.
‘ओके,’ म्हणतात.

आज स्वतःची ओळख.
वहीत इंग्रजीही त्यांचं मराठी अक्षरांतच :
आय लीव्ह इन नाशिक.
आय लीव्ह विथ माय हजबंड.

थांबा, मी म्हणते. पहिली वेलांटी. लिव्ह, राहणं.
दुसरी दिलीत की लीव्ह,
सोडून जाणं.
म्हणा बघू.

त्या म्हणत नाहीत.
खाली पट्टा फिरत राहतो,
कुणाचं तरी बाजरीचं दळण, पायाखाली फरशी थरथरते.

मग वही जवळ ओढून
पहिल्या ओळीतली वेलांटी खोडतात, जपून,
अलीकडे काढतात.
दुसऱ्या ओळीशी बराच वेळ बसतात.
तिथली वेलांटी तशीच.
‘विथ’ तेवढं खोडतात.

‘आता?’

मी वाचते. पुन्हा वाचते.
व्याकरणात काही चूक नाही, ताई.
लाल पेनाने बरोबरची खूण करते,
जरा मोठीच होते.